उजव्या बाजूची घुंगरं

खुर्ची जमिनीला बोल्टने पक्की केलेली होती. पंढरीनाथने बसल्या बसल्या ती जरा पुढे ओढायला पाहिली तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा बघून कॅजिटन अंकल मनापासून हसले.

“जहाजाची सवय, सायब,” ते म्हणाले. “समुद्रात सामान सुटं ठेवलं की ते तुमच्या अंगावर येतं. ही खुर्ची चाळीस वर्षांच्या वर इथंच हाय. दोन्ही पेट्या तिच्यापासून सारख्या अंतरावर. पाहिजे तर टेप लावून बघा.”

टेप कसली लावताय! समोरच्या दोन कोपऱ्यांत कमरेच्या वर येतील अशा दोन लाकडी पेट्या उभ्या होत्या आणि पंढरीनाथची नजर त्यांच्यावरून हलायला तयार नव्हती. इंग्लंडातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्याने अशा स्पीकरच्या जेमतेम दोनशे जोड्या बनवल्या आणि मग कारखानाच बंद पडला. पंढरीनाथने त्यांचा फोटो एका मासिकात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तो फोटो कापून त्याने पाकिटात ठेवला. लोक बायकोचा ठेवतात. उर्मिला ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते आणि पंढरीनाथ अजून ओशाळतो.

आता हा पंढरीनाथ म्हणजे कोण? तर टेलिफोन खात्यात केबल दुरुस्तीवर तीस वर्षं काढलेला, निवृत्त झालेला, भाईंदरला जेसल पार्कात चौथ्या मजल्यावर वन बीएचकेत राहणारा एक साधा माणूस. पण मीरा-भाईंदरमधल्या जुन्या स्पीकरांच्या वेड्यांत त्याचा काय रुबाब, काय सांगू! दर रविवारी कोणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात, रेकॉर्डी लावतात आणि चहावर चहा ढोसत भांडतात. भांडण मिटतं ते पंढरीनाथच्या शब्दाने. तो दोन मिनिटं डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, “डावीकडची तार कच्ची आहे,” किंवा “हा वूफर नंतर बदललाय.” उघडून बघावं तर तसंच निघतं. कोणी जुना माल घ्यायला निघाला की आधी पंढरीकाकांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं, काका ‘हो’ म्हणाले तर घ्यायचं, अशी तिथे रीतच पडली आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांनी त्याचा नंबर ‘कान’ या नावाने ठेवलाय. गडी वरवर म्हणतो, “काहीतरीच काय,” पण आतून टम्म फुगतो.

आज मात्र तो स्वतःसाठी आला होता. कॅजिटन अंकल जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी त्यांनी या पेट्या परदेशातून घेतल्या, बोटीतून आणल्या आणि उत्तनच्या आपल्या घराला ही मागची खोली खास त्यांच्यासाठी काढली. आता त्यांच्या बायकोचे, ऑड्रेआंटीचे गुडघे गेले. त्यांना जिना चढवेना, म्हणून वरचा पलंग खाली या खोलीत यायचा होता आणि पेट्या जायच्या होत्या. मुंबईचे दोन डीलर येऊन गेले. अंकलनी त्यांना खुर्चीत बसवलं, तर ते मोबाइलने पेट्यांचे फोटोच काढत राहिले. अंकलनी दोघांनाही हाकलून दिलं. ऐकणाऱ्यालाच देणार, ही त्यांची एक अट. आणि साडेचार लाख, ही दुसरी.

दुसऱ्या अटीशीच पंढरीनाथचं घोडं अडलं होतं. त्याच्याकडे अडीच होते, त्याच्या वर एक रुपया काढायचा तर मोडायला घरात काही उरलं नव्हतं. आठवडाभर माणूस भूत लागल्यासारखा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. घ्यावं तर कसं घ्यावं, आणि नाही घेतलं तर पुढची वीस वर्षं कशाकडे बघत काढावीत! शेवटी उर्मिलाच वैतागून म्हणाली, “अहो, ऐकून तरी या एकदाचे. मीही येते, मला उत्तनचे बोंबील हवेतच.” ती आणि ऑड्रेआंटी आता बाहेर अंगणात सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

अंकलनी खोलीचं दार लावलं. खिडकी लावली, जाड पडदा ओढला, पंखाही बंद केला, कारण पंख्याची घरघर ऐकण्याच्या आड येते. दुपारचे तीन वाजले होते. दोन मिनिटांत पंढरीनाथचा सदरा पाठीला चिकटला.

त्याने पिशवीतून आपली रेकॉर्ड काढली. कुठेही गेला तरी तो हीच लावतो. कथ्थकची रेकॉर्ड, तबला, सारंगी आणि घुंगरं. नाचणारी बाई रंगमंचाच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला जाते, आणि स्पीकर खरे असले तर ती तुमच्या समोरून गेलेली दिसते. हो, दिसतेच! यावर पंढरीनाथ कोणाशीही पैज लावेल.

सुई टेकली. तबल्याचा पहिला ठेका आला आणि पंढरीनाथच्या अंगावर काटा उभा राहिला. असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. बाई डावीकडे उभी राहिली, एकेक घुंगरू मोजून घ्यावं इतकी स्पष्ट. ती निघाली, मधे आली, उजवीकडे सरकली आणि तिच्या घुंगरांवर कोणीतरी रुमाल बांधला.

तबला होता. सारंगी होती. किणकिण तेवढी गेली, नुसती पायांची थपथप राहिली. पंढरीनाथने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

अशा वेळी काय करायचं याचा नियम त्यानेच रविवारच्या मंडळींना घालून दिलाय. आधी तारा बदला, मग तोंड उघडा. दोष रेकॉर्डचा किंवा अँप्लिफायरचा असेल, तर डाव्या-उजव्या तारा एकमेकींच्या जागी लावल्या की तो दुसऱ्या बाजूला जातो. जागचा हलला नाही, तर समजायचं, पेटीच नादुरुस्त. त्याने अंकलच्या मदतीने तारा बदलल्या. आता बाई उजवीकडून निघाली आणि डावीकडे गेली. उजवीकडे होती तोवर घुंगरं मुकी, डावीकडे पोचली आणि झणझणली. दोष जागचा हलला नव्हता.

“अंकल,” पंढरीनाथ जड आवाजात म्हणाला, “उजवीकडचा ट्वीटर गेलाय.”

ट्वीटर म्हणजे पेटीतला बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर, हे अंकलना सांगायची गरज नव्हती. ते खुर्चीच्या मागे आले, पंढरीनाथच्या डोक्याशी डोकं लावून वाकले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“मला तर ऐकू येतंय, सायब.”

“येणारच. रोज ऐकणाऱ्याला कळत नाही, अंकल. एका दिवसात थोडंच जातं ते? हळूहळू कमी होत जातं आणि जेवढं कमी होतं तेवढं आपलं डोकं मनाने भरून काढतं. माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे.”

हे सगळं पंढरीनाथ शिकवल्यासारखं बोलला. अंकलनी मीटर आणू का म्हणून विचारलं, तर त्याने तेही उडवून लावलं. मीटर तार तुटली का एवढंच सांगेल, म्हणाला, आवाज मेलाय हे सांगायला कानच लागतो.

अंकल पेटीपाशी गेले आणि तिच्या लाकडावरून हात फिरवत उभे राहिले. चौऱ्याहत्तरीचा ताठ माणूस, पण खांदे एकदम खाली आले. “तुमी बोलता म्हणजे असेल,” ते म्हणाले. “तुमचं नाव ऐकूनच तुम्हाला बोलावलं. मग पुरे पैसे घ्यायचे न्हाय. मोडका माल मी कोणाला पुऱ्या पैशात दिलेला न्हाय. अर्धे द्या. सव्वादोन.”

खोटं कशाला बोलू, पंढरीनाथच्या मनात लाडू फुटले! त्याने तोंड लांब ठेवलं खरं, पण काळजाचे ठोके कानात वाजायला लागले. एवढ्या मोठ्या जोडीचा एक ट्वीटर काय, कुठून तरी जुळवू. दहा वर्षं लागली तरी जुळवू. पेट्या घरी तर येतील!

“अंकल, तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला.

मग काय विचारता! दार उघडलं, दोघी आत आल्या, ऑड्रेआंटीने घरच्या जांभळाच्या वाइनचे चार छोटे पेले भरले. “आमच्या घराची एक रीत हाय,” अंकल म्हणाले. “सौदा झाला की पेला. पेला रिकामा झाला की शब्द फिरवायचा न्हाय. माझ्या बापाने बोट विकली तीसुदा अशीच.” पंढरीनाथने पेला रिकामा केला. उर्मिलाने आकडा ऐकला आणि तिचा चेहराच पालटला. “सव्वादोन? मग शोकेस काढून टाकू की तिथली. घेऊन टाका अहो!” एकोणतीस वर्षांच्या संसारात ती स्पीकरच्या बाबतीत पहिल्यांदा ‘घेऊन टाका’ म्हणत होती. अंकलच्या पुतण्याचा, रेनॉल्डचा टेम्पो होता. ऑड्रेआंटीने अंगणात जाऊन त्याला फोन केला, तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. सगळं इतकं भराभर जुळत गेलं की पंढरीनाथला नीट आनंदही करता येईना.

आणि मग कॅजिटन अंकलनी कपाटावरून व्हायोलिनची पेटी खाली काढली.

“हे पण आता पुरे,” ते म्हणाले.

“पुरे म्हणजे?” ऑड्रेआंटीने विचारलं.

“पुरे म्हणजे पुरे. सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून चर्चमध्ये वाजवतो. जहाजावरून सुट्टीत आलो तरी वाजवलं. आता दर रविवारी नऊच्या मिसाला वीस-बावीस पोरं माझ्या सुरावर गातात.” ते ऑड्रेआंटीशी बोलत होते, पण बघत होते उजव्या स्पीकरकडे. “माझ्याच घरातली पेटी मेली आणि मला कळलं न्हाय. सायबांनी दोन मिनिटांत पकडलं. मग माझा सूर उतरला ते मला कोण सांगणार? पोरं सांगायची न्हायत. म्हातारा हाय, जाऊ दे, असं बोलतील. तसं बोलायची पाळी मला आणायची न्हाय.”

“काहीतरी डोक्यात घेऊ नका!”

“कान गेले, ऑड्रे. मान्य करायचं. कॅल्विनला फोन करतो, त्या पोराचा हात आता बसलाय, उद्या तोच वाजवेल.” इतकं बोलून ते मोबाइल घेऊन बाहेर निघाले, कारण मागच्या खोलीत रेंज नसते. ऑड्रेआंटी लंगडत त्यांच्या मागे गेली. उर्मिलाने पंढरीनाथकडे पाहिलं, “बिचारे!” म्हणाली आणि तीही गेली.

पंढरीनाथला वाईट वाटलं. वाटणारच, माणूसच आहे तो. पण म्हातारपण कोणाला चुकलंय, असं स्वतःशी म्हणून त्याने ती गोष्ट बाजूला सारली. टेम्पो येईपर्यंत पेट्यांचे नंबर लिहून घ्यावेत म्हणून त्याने खिशातून पेन काढलं. हौसेने रेकॉर्ड पुन्हा सुरू केली आणि उजव्या पेटीपाशी गुडघे टेकले. नंबराची पितळी पट्टी पेटीच्या बाहेरच्या अंगाला, खाली होती. ती वाचायला तो भिंतीकडे तोंड करून वाकला. त्याचा डावा कान जाळीच्या अगदी जवळ आला.

कानात घुंगरं फुटली.

अशी झणझणीत, अशी लख्ख, की तो दचकून मागे सरला. त्याने मान फिरवली आणि उजवा कान जाळीला लावला. थपथप. डावा लावला. झणझण. उजवा. थपथप. तो तसाच गुडघ्यांवर सरकत डाव्या पेटीकडे गेला, जी आतापर्यंत दृष्ट लागावी अशी वाजत होती. तिला उजवा कान लावला. थपथप.

पंढरीनाथ फरशीवर बसला.

ट्वीटरला काही झालेलं नव्हतं. नियमाप्रमाणे त्याने तारा बदलल्या होत्या, रेकॉर्ड तपासली होती, अँप्लिफायर तपासला होता. एकच वस्तू तपासायचं कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ती वस्तू खुर्चीत बसली होती, तोंड पुढे करून, हलता न येणाऱ्या खुर्चीत.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या वर्षी घरच्या उजव्या स्पीकरचा ट्वीटर त्याने बदलला होता, तरी तो बसकाच वाजतो म्हणून दुकानदाराला चारदा फोन करून शिव्या घातल्या होत्या. मोबाइल तो हल्ली कायम डाव्या कानालाच लावतो. आणि काशीगावचा नीलेश! दिवाळीत बिचाऱ्याने हौसेने एक जोडी आणली, पंढरीनाथने दोन मिनिटांत “उजवा मेलाय” असा निकाल दिला, आणि नीलेशने ती मातीमोल भावाने विकून टाकली. त्या पोराने “काका, मला तर बरोबर वाटतंय” एवढं म्हटलं होतं. “सवय होते रे,” असं पंढरीनाथने त्याला उत्तर दिलं होतं. त्याला घाम फुटला. वाइनमुळे नव्हे, उकाड्यामुळेही नव्हे.

आता? गप्प बसलं तर पेट्या त्याच्या. नाव जागच्या जागी. रविवारची खुर्ची जागच्या जागी. बोललं तर नाव गेलं, आणि पेट्याही गेल्या, कारण त्या धडधाकट पेट्या साडेचारच्या आहेत आणि त्याच्याकडे अडीच आहेत. छे छे, मधला काहीतरी रस्ता असेल! तार ढिली होती, बसवली, आता वाजतंय, असं सांगावं का? सौदा मोडेल, पण कानाचं कोणाला कळणार नाही. पंढरीनाथ उठायला लागला आणि तसाच थांबला. तार ढिली होती म्हटलं, तर दोष होता असंच ठरतं. आणि तो अंकलना ऐकू आला नाही, असंही ठरतं. मग व्हायोलिन जातंच. कुठूनही निघा, शेवटी त्या म्हाताऱ्याच्या व्हायोलिनवरच येऊन आपटत होतं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. “आला गं रेनॉल्ड,” असं ऑड्रेआंटी म्हणाली. उर्मिला कोणाला तरी फोनवर सांगत होती, “हो हो, आजच येतायत, यांचं तीस वर्षांचं स्वप्न आहे!” खोलीचं दार उघडं होतं, पण पंढरीनाथला तिथून पाऊल उचलवेना. त्याला वाटलं, हा टेम्पो आत्ता बिघडावा, नाहीतर कॅल्विनचा फोन बंद असावा, आज काहीही होऊ नये, आणि त्याला विचार करायला एक दिवस मिळावा. एकच दिवस!

“बिझी येतोय,” अंकलचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, “हां, कॅल्विन? कॅजिटन बोलतो. ऐक, एक काम हाय तुझ्याकडे.”

पंढरीनाथ धावतच बाहेर आला. कोणाला वाटावं, घराला आग लागलीय.

“अंकल, फोन ठेवा!”

“एक मिनिट, सायब…”

“ठेवा म्हणतो ना! पेटी चांगली आहे. दोन्ही चांगल्या आहेत. कान माझा गेलाय.”

अंगणात सगळे थांबले. रेनॉल्ड टेम्पोचं फळकूट उघडत होता, तोही थांबला. अंकलनी कॅल्विनला नंतर करतो म्हणून सांगितलं, फोन खिशात ठेवला आणि पंढरीनाथच्या जवळ आले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, शंकाही नव्हती. ते हसत होते.

“मोठं मन हाय तुमचं,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय.”

“अहो, नाही! मी आत्ता आत जाऊन बघितलं. डाव्या कानाने ऐकलं तर घुंगरं वाजतात, उजव्याने ऐकलं तर नाही.”

“असं म्हणायची गरज न्हाय, सायब. सगळ्या भाईंदरला ठाऊक हाय तुमचा कान.”

बघा आता! आयुष्यभर कमावलेलं नाव असं आडवं आलं. माणूस ओरडून सांगतोय की मला ऐकू येत नाही, आणि कोणी ऐकायला तयार नाही. उर्मिलाही म्हणाली, “अहो, काय बोलताय तुम्ही? वाइन चढली का?” पंढरीनाथचा आवाज चढला, इतका की शेजारच्या अंगणातली बाई वळून बघायला लागली.

“पेट्या साडेचारच्या आहेत! मला परवडत नाहीत, मी घेत नाही! टेम्पो परत पाठवा!”

“पेला रिकामा झालाय,” अंकल शांतपणे म्हणाले. “सव्वादोनला शब्द झाला. पेटी मेलेली हाय, माझे कान गेलेत, आणि शब्द मी फिरवणार न्हाय.”

पंढरीनाथला रडू यायचं बाकी राहिलं. त्याने अंकलचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना मागच्या खोलीत आणलं. बाकीचे मागोमाग आले. रेकॉर्ड अजून फिरत होती, ती त्याने बंद केली. व्हायोलिनची पेटी उचलून अंकलच्या हातात दिली.

“काढा,” तो म्हणाला. “मी खुर्चीत बसतो. डोळे मिटतो. उर्मिला माझा डावा कान दाबून धरेल. तुम्ही उजव्या बाजूला उभे राहा आणि वाजवा, खालच्या सुरापासून वरपर्यंत, अगदी हळू. ऐकू आलं की मी हात वर करीन. मग ठरवा कोणाचे कान गेलेत ते.”

तो बसला. उर्मिलाने त्याच्या डाव्या कानात बोट घातलं आणि वरून तळहात दाबला. तिचा हात बोंबलांच्या वासाचा होता. पंढरीनाथने डोळे मिटले.

जाड तारेवरचा पहिला सूर आला, खालचा, मंद. त्याने हात वर केला. दुसरा आला. हात वर. तिसरा जरा दूरचा वाटला, भिंतीपलीकडून आल्यासारखा, पण आला. हात वर. चौथा आला की नाही याची त्याला खात्री नव्हती, तरी त्याने हात अर्धा उचलला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून खाली घेतला. मग शांत झालं. अंकल बहुतेक पुढची तार लावत असतील. तो वाट बघत राहिला.

“वाजवा ना, अंकल,” तो म्हणाला. “थांबलात का?”

कोणी उत्तर दिलं नाही. किंवा दिलं असेल. पंढरीनाथने डोळे उघडले.

गज तारेवर फिरत होता. कॅजिटन अंकल त्याच्यापासून हातभर अंतरावर, मान तिरकी करून, व्हायोलिनच्या अगदी टोकाशी बोटं नेऊन वाजवत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ऑड्रेआंटीने तोंडावर हात धरला होता. दारात रेनॉल्ड खाली मान घालून उभा होता.

उर्मिलाने हात काढला आणि तो सूर एकदम खोलीभर झाला, बारीक, स्वच्छ, कुठेही न हललेला. इतका सुंदर सूर पंढरीनाथने फार दिवसांत ऐकला नव्हता.

“बरोबर लागलाय, अंकल,” तो म्हणाला. “अगदी बरोबर.”

अंकलनी गज खाली घेतला. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवायची धडपड त्यांच्या तोंडावर दिसत होती. “तरी तुमीच घेऊन जा सायब, सव्वादोनला,” ते म्हणाले. पंढरीनाथने मान हलवली. एका कानाने ऐकायला एवढ्या मोठ्या दोन पेट्या कोण नेतो, म्हणाला, आणि हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. त्याने आपली रेकॉर्ड पाकिटात घातली. ग्रुपवर आजच कळवतो, तो म्हणाला, पेट्या एक नंबर आहेत आणि आता विचारायचं तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा. नीलेशलाही फोन करायचाय.

अंगणात अंकल पुन्हा कॅल्विनशी बोलत होते. “न्हाय रे, काय न्हाय. मघाशी असाच केलेला. उद्या येतो मी. साडेआठलाच येतो.” रेनॉल्डने रिकाम्या टेम्पोचं फळकूट लावलं आणि तो गाडी वळवायला लागला.

पंढरीनाथ फाटकापाशी उभा राहून त्याला वाट देत होता. उर्मिला बोंबलांची पिशवी घेऊन त्याच्या बाजूला आली आणि काहीतरी म्हणाली.

“काय?” त्याने विचारलं.

ती पुन्हा बोलली नाही. ती पाठीमागून वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “चला, घरी जाऊ.”